समोर बसणारी

११ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. कामथडी मागे पडली तेव्हा स्वानंदने भाड्याच्या गाडीची काच खाली केली आणि हृदयाच्या बायपासनंतर पहिल्यांदाच आपणहून म्हणाला की भूक लागली आहे. भोरला थांबून मी मिसळ खाल्ली, त्याने पथ्याची इडली. माझ्या तर्रीकडे तो असा बघत होता की शेवटी मीच पाठ फिरवून बसले. दोघंही खूप हसलो.

घर मनासारखं आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीतून उतार सरळ खाली भाटघर धरणाच्या पाण्यापर्यंत. वाडीत माणसं थोडी, कोंबड्या जास्त. घरमालकीण साळूबाई शेजारच्याच घरात एकट्या राहतात. मुलगा पुण्यात टेम्पो चालवतो. आल्या आल्या त्यांनी तांदळाची भाकरी आणि घेवड्याची भाजी आणून दिली, आणि स्वानंदच्या छातीवरच्या टाक्यांची अशी चौकशी केली की तो लाजला.

डॉक्टरांनी त्याला बँकेतून सहा महिने सुट्टी घ्यायला लावली आहे. मीही शाळेतून रजा घेतली. कारण दोन आहेत. एक स्वानंद. दुसरं, सोमनाथने त्याच्या गॅलरीत जूनमधला एक आठवडा माझ्या नावाने राखून ठेवला आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी एकटीचं पहिलं प्रदर्शन. विषय माझाच: जमिनीवर आपोआप उमटणारी नक्षी. माणसाने न काढलेली चित्रं.

१६ फेब्रुवारी

इथे नुसतं बघत बसलं तरी हात शिवशिवतात. खाचरांमध्ये राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन जाळायला, सुरुवात झाली आहे. पिवळ्या उतारांवर काळे चौकोन, जणू कुणी ठिगळं लावली आहेत. काळ्या कातळावर शेवाळ वाळून झालेले पांढरे चट्टे. आणि सगळ्यांत सुंदर म्हणजे पाण्याच्या रेघा. धरणाचं पाणी उतरतं तशी काठाच्या मातीवर एक रेघ सोडून जातं. मग त्याखाली दुसरी, त्याखाली तिसरी. सगळा काठ कंगव्याने विंचरल्यासारखा दिसतो. रोज सकाळी एक नवी, ओली, गडद रेघ असते.

मी दिवसभर काम करते. स्वानंद शब्दकोडी सोडवतो आणि कंटाळतो. आज मी चारकोलचा एक तुकडा आणि जुनी वही त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, जा काठावर, रेघोट्या मार. शाळेत सहावीच्या पोरांना गप्प बसवायला मी हेच करते.

२४ फेब्रुवारी

स्वानंदने वही दाखवली. मी स्टोव्हवर चहा ठेवला होता, तो उतू गेला.

पाण्याच्याच रेघा होत्या. पण त्या रेघांमध्ये हात कुठेही थबकलेला नव्हता. मी सव्वीस वर्षं चारकोल धरते आहे; माझी रेघ वळणावर थोडी घाबरते, हे मला ठाऊक आहे. याची घाबरलेली नव्हती. कागद हातात घेतल्यावर असं वाटलं की तो ओला आहे. मी बोट लावून बघितलं. कोरडा होता.

छान आहे म्हटलं. नवशिक्याला कधीकधी असं लागून जातं असंही म्हटलं. हे दुसरं वाक्य मी नसतं बोलले तरी चाललं असतं.

५ मार्च

लागून गेलेलं नाही. रोज लागतं आहे. जेवण झालं की तो उतरून जातो, ऐन उन्हात, आणि चार वाजता वर येतो. टोपी घे म्हटलं तर म्हणतो, तिथे ऊन लागत नाही. चित्रांचा गठ्ठा खाटेवर वाढतो आहे. मी त्या बाजूला तोंड करून बसत नाही.

आज त्याची वही संपली. माझ्याकडे चांगल्या कागदाचं अख्खं बंडल आहे. ते ट्रंकेत टाकून मी त्याला साळूबाईंकडचे पिठाच्या पिशव्यांचे कागद दिले. काय सुंदर उमटलं त्याच्यावर! पिशवीच्या घड्यासुद्धा त्याच्या रेघांना येऊन मिळाल्या.

११ मार्च

जागा बदलून बघू म्हणून गाडी ठरवून वेल्ह्याकडे गेलो होतो, राजगडाखाली पालीला. ट्रेकला आलेली मुलं, सरबतवाले, आणि वर डोंगराच्या सोंडेवर भाजलेल्या राबांची सुरेख नक्षी. मी तीन चित्रं केली. स्वानंद कागद मांडीवर घेऊन बसून राहिला. हात चालेना. शेवटी त्याने एक डोंगर काढला, मध्ये सूर्य आणि बाजूला झाड. सहावीतलं पोर काढतं तसा.

येताना मी गाडीत गाणं गुणगुणत होते. स्वानंदने विचारलं, एवढी खूश का?

१६ मार्च

आज मी त्याच्या मागोमाग गेले. हळूच, करवंदीच्या जाळीआडून.

तो पाण्यालगत मांडी घालून बसला होता, पाठमोरा. काठावरच्या सगळ्या रेघा सरळ जातात. तिथे मात्र त्या वळून त्याच्याभोवती आल्या होत्या, प्रवाहातल्या दगडाला पाणी वळसा घालतं तशा. तो वर गेल्यावर मी जवळ जाऊन बघितलं. चिखलात त्याच्या बसण्याचा खळगा होता. आणि त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर, दुसरा. त्याच्यापेक्षा लहान, अरुंद. मांडी घालून बसलेल्या बाईचा. गुडघ्यांच्या जागा स्पष्ट होत्या.

तर असं आहे. काठावर येणारी एक बाई आहे.

१७ मार्च

जेवताना मी त्याला वाढत राहिले. त्याने भात दोनदा मागून घेतला. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्यासमोर बसून एकदाही चित्र काढलं नाही, आणि हिच्यासमोर बसून रोज काढतो. कोण असेल? वाडीत त्या वयाची बाई नाही. पलीकडच्या वस्तीवरून होडीने येत असेल.

पण एक गोष्ट मला कळत नाही. त्या खळग्याकडे येणारी पावलं चिखलात कुठेच नव्हती.

१८ मार्च

साळूबाई अंगणात कुरडया घालत होत्या. मी आडून विचारलं, खाली काठावर कोण बाई येते का? त्यांचा हात तिथेच थांबला. मग सोऱ्या खाली ठेवून त्यांनी सांगितलं.

धरण बांधायच्या आधी खाली नदीकाठी साती आसरा होत्या, पाण्यातल्या सात बहिणी. शेंदूर लावलेले सात दगड. पाणी चढायला लागलं तेव्हा साळूबाईंच्या आजेसासऱ्यांनी आणि भावकीने ते डोक्यावर घेऊन वर आणले. सहा आणले. सातवीपाशी पोचायच्या आत पाणी आलं. सहा जणी आता बांधावर करंजाखाली आहेत, त्यांना हळदीकुंकू होतं, दहीभात होतो. सातवी खालीच राहिली. पाणी उतरलं की ती काठाला येऊन बसते आणि समोर कोण बसतं याची वाट बघते. पूर्वी एक गुराखी बसायचा म्हणे. त्याने काठीने मातीवर अशी नक्षी काढली होती की लोक बघायला यायचे. एक दिवस तो नाहीसा झाला, पुढे कुणाला सापडला नाही.

“बाई, मालकास्नी तितं बसू देऊ नका,” साळूबाई म्हणाल्या. “ती लई दिस एकटी हाय. आन् तिच्या सोबतीला बसल्याल्या मानसानं दुसऱ्याकडं बघितलं तर तिला खपत न्हाई.”

मी शिकलेली बाई आहे. मला हसू यायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते वेगळंच. मनात आलं, मग ती त्याच्यासमोर का बसली? माझ्यासमोर का नाही?

२० मार्च

स्वानंदला सरळ विचारलं. त्याने लपवलं नाही. म्हणाला, कुणीतरी बसतं खरं. सरळ बघितलं तर नुसता चिखल. कागदाकडे बघितलं की समोर कुणीतरी आहे हे कळतं, आणि कागदाचं दुसरं टोक कुणीतरी धरल्यासारखा तो ताठ होतो. मग हात आपोआप जातो. मला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, म्हणाला.

म्हणजे मला वाईट वाटेल हे त्याला आधीपासून माहीत होतं.

२७ मार्च

सोमनाथ आला होता. माझी सगळी चित्रं पडवीत मांडली. तो कंबरेवर हात ठेवून हळूहळू फिरला. छान म्हणाला. रंग संयत आहेत म्हणाला. मग पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी आत गेले तर खाटेपाशी उभा होता, पिठाच्या पिशवीचा कागद हातात.

कुणाची आहेत, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो खाटेवर बसला आणि चप्पल काढून पायाचे तळवे चोळायला लागला. म्हणाला, “शेफाली, तुझी चित्रं बघताना मला धरण दिसलं. ही बघताना माझे पाय गार पडले.”

जूनचा आठवडा आता दोघांचा आहे. निघताना तो म्हणाला की स्वानंदची चित्रं समोरच्या भिंतीवर येतील. माझी बाजूच्या खोलीत. स्वानंद नको नको म्हणत होता. त्याचं ते नको नको म्हणणंच मला सहन झालं नाही.

३१ मार्च

भर दुपारी, स्वानंद झोपलेला असताना, मी जाऊन त्याच्या खळग्यात बसले. चांगला कागद घेतला. ऊन लागत होतं. डोक्यात घाम, मानेवर माश्या. समोर कुणी आलं नाही. मी रेघा काढल्या. माझ्यासारख्याच झाल्या.

३ एप्रिल

आज हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि दहीभात घेऊन गेले. द्रोण पाण्यावर सोडला. काही नाही. द्रोण परत काठाला लागला, जसाच्या तसा. स्वानंद दुपारी गेला आणि येताना त्याच्या कागदावर जे होतं ते बघून मी मोरीत जाऊन रडले.

६ एप्रिल

स्वानंदच्या घोट्यांवर रेघा आहेत. मातीच्या रंगाच्या, बारीक, पायाभोवती गोल फिरलेल्या. एकावर एक. त्याने साबणाने धुतल्या, दगडाने घासल्या. जात नाहीत. बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली आहे.

तो घाबरला आहे. मी त्याचा पाय मांडीवर घेतला आणि बघत राहिले. किती सुबक वळण होतं. वाटलं, ती आता याच्यावरच चित्र काढते आहे.

१० एप्रिल

काठाला पाणी खाली उतरतं आहे आणि स्वानंदवर रेघा वर चढत आहेत. पोटऱ्या झाल्या. गुडघे झाले. तो आता काठावर जात नाही, तरी रोज सकाळी एक नवी, ओली, गडद रेघ असते. जिना चढल्यासारखा श्वास लागतो, बसल्या जागी. पुण्याला जाऊ म्हणतो. चित्रं जाळून टाक म्हणतो.

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबू, माझं एक काम अर्धं आहे. अर्धं काहीच नाही. तो गेला की मलाही जावं लागेल, आणि माझ्याकडे तिने एकदाही बघितलेलं नसेल.

१३ एप्रिल

रेघा मांड्यांवरून कंबरेपर्यंत आल्या. आज त्याला धड बोलता आलं नाही. साळूबाईंनी माझ्या हातातली वही काढून घेतली आणि मला चार शब्द सुनावले. त्या म्हणाल्या, “नवरा बुडतोय तुमचा, कोरड्या जागंला. दिसत न्हाई व्हय?”

मी त्याच्या बहिणीला फोन केला. सई दुपारपर्यंत गाडी घेऊन आली. त्याला धरून गाडीत बसवलं. त्याने माझा हात सोडला नाही. म्हणाला, तू पण चल, शेफू. मी म्हटलं, चित्रं बांधून दोन दिवसांत येते. तो माझ्याकडे बघत राहिला, मिसळीकडे बघायचा तसा नाही. आपलं खोटं ओळखणारं माणूस बघतं तसा.

१४ एप्रिल

सईचा फोन. कामथडीच्या पुढे गेल्यावर त्याचा श्वास मोकळा झाला. कंबरेवरच्या रेघा पुसट झाल्या आहेत. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

देवाची कृपा. खरंच. मी देवापुढे दिवा लावला, मग खाली काठावर गेले.

त्याच्या खळग्यात बसले आणि मोठ्याने बोलले. म्हटलं, तो गेला. त्याला कधी चित्रं काढायचीच नव्हती, मीच त्याच्या हातात कोळसा दिला. मी सहा वर्षांची असल्यापासून काढते आहे. तूही मागे राहिलीस, मीही बाजूच्या खोलीत आहे. माझ्यासमोर बस.

कागद ताठ झाला.

१७ एप्रिल

काय लिहू! माझा हात वळणावर घाबरत नाही. मी जन्मभर जी रेघ शोधत होते ती ही. ऊन लागत नाही. समोरचा खळगा हळूच भरतो, जणू कुणीतरी अंग सैल सोडून बसतं. सरळ बघायचं नाही, एवढंच.

स्वानंदचे पाय स्वच्छ झाले. फोनवर हसला. त्याला मी काही सांगितलं नाही. त्याच्या चित्रांपेक्षा माझी चांगली आहेत.

२१ एप्रिल

घोट्यांवर आल्या. आरशात बघितलं. सुंदर आहेत.

साळूबाई दारात आल्या होत्या. पाय बघितले.  मुलाकडे पुण्याला जाते म्हणाल्या, मलाही चला म्हणाल्या. दुपारच्या एसटीने गेल्या.

२५ एप्रिल

एक लक्षात आलं. काल स्वानंदशी बराच वेळ बोलले. सकाळी रेघ एकदम गुडघ्याच्या वर. आज सईचा फोन घेतला नाही, तर चढली नाही.

तिला खपत नाही.

२८ एप्रिल

स्वानंद मला विसरला तर बरं होईल, असं मी तिला म्हटलं. खोटं. तिला कळलं. कंबर.

चित्रं थांबवून बघितलं. घरात बसले, दार लावून. जमीन ओली झाली. खाटेसमोर, फरशीवर, दोन गुडघ्यांच्या जागा.

३० एप्रिल

गाडी आमच्याकडे नाही, एसटी वरच्या फाट्यावर थांबते. निघाले. चढावर श्वास पुरेना. बसले. बसले की समोर —

परत आले. खाली उतरताना श्वास लागत नाही.

२ मे

छाती. बोलताना घशात पाणी आल्यासारखं. स्वानंदचा मेसेज: आवाज का असा येतोय, मी येतोय तुला न्यायला. लिहिलं, येऊ नकोस. पुन्हा लिहिलं, येऊ नकोस. मोबाईल बंद पडला. आतून ओला.

हात आता नीट लिहीत नाही. अक्षरं ओढली जातात. रेघ व्हायला बघतात.

३ मे, दुपार

काठावर आहे. इथेच बरं वाटतं. मानेपर्यंत आल्या.

वर गाडी थांबल्याचा आवाज. स्वानंद हाक मारतो आहे. शेफू. शेफू. पडवीतून उतरायला लागला. पायात चप्पलसुद्धा नाही — वेडा —

ओरडले. आवाज निघाला नाही, पाणी निघालं.

समोरचा खळगा हलला. मी सरळ बघितलं. पहिल्यांदाच. तिची पाठ. तिने माझ्याकडे पाठ केली आहे. ती वर बघते आहे. त्याच्याकडे.

पाणी चढतं आहे. मे महिना, पाऊस नाही, आणि काठावरच्या रेघा एकेक करून बुडत आहेत. त्याच्या दिशेने. अजून त्याला दिसत नाही —

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं — पुन्हा तोच. पुन्हा त्यालाच —

नाही. नाही. ते नको. तो घरी जाऊ दे.

मी तिची ओली बाही धरली. हाताला लागली. गार आहे. म्हटलं इकडे वळ. तो काही काढत नाही, त्याला काही येत नाही, मी काढते, जन्मभर काढीन, बघ — माझ्याकडे बघ — त्याच्याकडे नको, माझ्याकडे ब